चादरींशेजारचे बोंबील

धाकट्या डहाणूच्या रस्त्याला लागलं आणि वाळत्या बोंबलांचा वास आला, की मला व्हिएतनाममधली एक गच्ची आठवते. हॉटेल परवडत नव्हतं, म्हणून आम्ही तिथं समुद्राकाठच्या एका गावात घरगुती खोली घेतली होती; खाली मालकीण राहायची. एके सकाळी आई बाजारात गेली आणि नुसत्या खाणाखुणांवर घासाघीस करून पिशवीभर ओले बोंबील घेऊन आली. तिचं माहेर धाकट्या डहाणूचं. गच्चीवर कडक ऊन आणि दोरी दिसल्यावर तिला कुठलं राहवतंय! तोंडात तोंड अडकवून तिने जोड्या केल्या आणि मालकिणीच्या पांढऱ्याशुभ्र चादरींशेजारी टांगल्यासुद्धा. "अगं, हे काय विमानातून नेणार आहेस?" बाबा ओरडले. "वाळले की कागदासारखे हलके होतात," आई म्हणाली. तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. बाबा मला हळूच म्हणाले, "बॅगा भरायला घे." मालकीण वर आली, दोरीपुढे थांबली, एक जोडी वाकून नीट निरखली आणि भराभर काढल्या त्या स्वतःच्या चादरी. मग खालून टोपली घेऊन आली. तिच्यातही ओले बोंबीलच होते. ती आईच्या हातात देऊन तिने मोकळ्या दोरीकडे बोट दाखवलं. बाबा हुश्श करून पायरीवरच बसले. आता त्या रस्त्याला गाडीतले सगळे काचा वर करतात. मी माझी खाली करते आणि छाती भरून श्वास घेते.