भांड्याला दिलेला नारळ

माणिकबाई अकोल्याच्या जिनातून, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीतून, घरी यायची तेव्हा तिच्या भुवयांवर कापसाची लव बसलेली असायची. नवरा, सहदेव, दारातच म्हणायचा, "आली माही म्हातारी!" तो भातकुलीकडच्या माळ्याचा मुलगा. पाकळी न दुखवता झेंडू टोपलीत रचण्यात लहानपण गेलेलं, त्यामुळे हात मोठा हलका. त्या हलक्या हातापायीच भगवंतरावांनी त्याला आपल्या कारखान्यात नव्या भांड्यावर नेमलं.

भगवंतराव काळ्या जमिनीचे धनी, पण शिकले रसायन. भाऊबंद म्हणाले तेलघाणा टाक, यांनी टाकला बॅकेलाइटचा, म्हणजे टणक काळ्या प्लास्टिकचा कारखाना. कार्बोलिक आणि फॉर्मलीन ही दोन रसायनं थोडं आम्ल घालून शिजवायची, त्याची राळ होते, ती दळून साच्यात दाबली की विजेची बटनं. पहिलं भांडं साधं लोखंडी होतं. आम्लानं ते वर्षाच्या आत खाऊन टाकलं, वर लोखंड उतरून मालाचा रंग बिघडला तो वेगळाच. मग पस्तीस साली जर्मनीहून दुसरं आलं. बाहेरून लोखंड, आतून थेट काठापर्यंत निळसर काच चढवलेली, कारण काचेपुढे आम्लाचं काही चालत नाही. स्टेशनावरून ते बैलबंडीत, गवताच्या गादीवर निजवून आणलं.

"याच्यावर पळीसुद्धा आपटायची नाही," भगवंतरावांनी सगळ्यांना बजावलं. "काचेचा टवका उडाला की आम्ल मागून लोखंडात शिरते. वरून काई दिसत नाही."

दसरा तोंडावर आला होता. मजुरांनी नारळाचं नाव काढलं, तर मालकांनी साफ नकार दिला.

सहदेवानं जेवताना हे हसत हसत सांगितलं आणि माणिकबाईचा घास हातातच राहिला. तिच्या बापाचा हात जिनाच्या नव्या इंजनात गेला होता. त्या इंजनाला मुकादमानं घाईघाईत नारळ दिला नव्हता. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं.

"नव्या यंत्राले नारळ नाई देल्ला त ते माणूस घेते," ती म्हणाली.

"अवं, काच हाय ते. मालकानं मना केलं."

"मालकाचं काय जाते? भांड्यापाशी कोन उभं रायते, मालक का तुमी?"

तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी तिनं अन्न सोडलं. आणि सहदेव काय, सगळ्या जगाचं ऐकून सोडून देणारा गडी, बायको उपाशी राहिली की विरघळायचा.

दसऱ्याला कारखाना बंद होता, मालक सोनं द्यायला अमरावतीला गेले होते. किल्ली सहदेवाकडेच असायची. माणिकबाईनं भांड्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला.

"उंबऱ्यावर फोडू का?" त्यानं विचारलं.

"नारळ उंबऱ्याले द्याचा का भांड्याले?"

त्यानं हलक्या हातानं भांड्याच्या काठावर नारळ आपटला. हलक्या हातानं नारळ फुटत नाही. दुसऱ्यांदा त्यानं जोर केला तेव्हा फुटला. मग तो वाकून, बोटानं काठ चाचपत बराच वेळ तसाच राहिला.

"काय झालं?"

"काई नाई. पानी पुसून राहिलो."

दोघांनी खोबरं खाल्लं. माणिकबाईच्या जिवात जीव आला.

त्या हिवाळ्यापासून सहदेवाच्या उजव्या हाताचं एकच बोट सारखं पोळलेलं असायचं. "चटका बसला," तो म्हणायचा. ती खोबरेल लावायची. नेहमी तेच बोट कसं पोळतं, हे तिनं कधी विचारलं नाही. पुढे जन्मभर तिला याचंच वाईट वाटत राहिलं.

श्रावणातल्या एका सकाळी भांड्याचा काठ फुटला आणि उकळता रस सहदेवाच्या अंगावर आला. इस्पितळात तो दोन दिवस होता. शुद्धीवर आला तेव्हा एवढंच म्हणाला, "नारळाचं कोनाले सांगू नको." तिला वाटलं, मालकांना भितो आहे. तिसऱ्या दिवशी होत्याचं नव्हतं झालं.

भगवंतरावांनी भांडं उघडलं, तेव्हा ती हट्टानं पाहायला गेली. काठावर डाळीच्या दाण्याएवढा टवका उडालेला होता. कोणीतरी तो लाखेनं बुजवला होता, पुन्हा पुन्हा. त्याच्या मागचं लोखंड वाळवी लागल्यासारखं पोखरून गेलं होतं.

"कोनीतरी काठावर काई आपटलं," भगवंतराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "अन् सहदेवाले माहीत होतं. आम्ल झिरपते का, रोज बोट लावून पाहत असंल. मले काहून नाई सांगतलं त्यानं?"

काहून ते तिला कळलं. सांगितलं असतं तर टवका तिच्याच नारळानं उडाला, हे पहिलं तिला कळलं असतं. तिनं तोंड उघडलं नाही. त्यानं सांगू नको म्हटलं होतं.

भगवंतरावांनी तिला बटनं निवडायच्या कामावर घेतलं. दिवसभर काळी बटनं निवडून ती घरी यायची. दारात आता तिला म्हातारी म्हणायला कोणी नव्हतं, आणि केस तर खरंच पांढरे होऊ लागले होते.

वर्षानं तसंच काचेचं नवं भांडं आलं. मजूर अडून बसले. "मागच्याले नारळ नाई देल्ला, त्यानं सहदेव घेतला," जो तो हेच म्हणत होता. भगवंतराव पार खचलेले. स्वतःच नारळ घेऊन पुढे झाले, काठावर हात उगारला.

माणिकबाईनं मालकांचं मनगट धरलं.

"देल्ला होता, मालक," ती म्हणाली. "मागच्याले नारळ देल्ला होता. म्याच द्याले लावला, याच्यासारख्याच काठावर."

तिनं त्यांच्या हातातला नारळ काढून घेतला आणि खाली ठेवला. मग नव्या भांड्याच्या काठावरून सावकाश बोट फिरवत ती एक पूर्ण फेरा फिरली. काठ गुळगुळीत होता, कुठंच काही उडालेलं नव्हतं.