बाबांनी घातलेला सेल

आमच्या अंजनगावच्या घरी नवा सेल थेट घड्याळात घालायची रीत नव्हती. नवे पेन्सिल सेल आधी टॉर्चमध्ये जात. लोडशेडिंगची वर्षं ती, टॉर्चला उसंत नसे. उजेड पिवळा पडला की तेच सेल बाबांच्या रेडिओत, आणि रेडिओ घोगरा झाला की त्यातला एक भिंतीवरच्या घड्याळात. मधूनच बाबा ते ओट्यावर उन्हात मांडत. "अजून जीव हाय याच्यात. घडीले पुरते," म्हणत.

पुरायचाही. घड्याळ चिमूटभर वीज खातं, त्याला महागडा सेल कशाला, हे मलाही पटे. माझी तक्रार वेगळी होती. पार संपलेला सेल आतच राहिला तर पाझरतो आणि घड्याळाचं वाटोळं करतो. तसं म्हटलं की बाबा हसत, "तुले अकोल्याची हवा लागली." अकोल्यात मी नोकरीला होते, एवढाच माझा गुन्हा.

मग कापसाची वाईट वर्षं आली. बाबा कामाला होते तो कापसाच्या जिनिंगचा कारखाना बंद पडला. कापसाच्या धुरळ्यानं त्यांची छाती आधीच गेली होती, घरी बसून ते आणखी खंगले. अमरावतीच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. थंडीचे दिवस होते. आई सकाळी त्यांची खाट अंगणात काढायची आणि ऊन सरकेल तशी खाट सरकवत राहायची. मला ते बघवत नसे. थंडी संपायच्या आत बाबा गेले.

तेरवी झाली आणि घड्याळ थांबलं. मी नवा सेल आणला, तर आईनं माझा हात धरला.

"काहून काढून राहिली? तो त्याईनं टाकला हाय."

तिनं सेल उन्हात ठेवला, परत घातला. काटा चालू लागला. पुढे थांबला की ती तेच करायची. हा सेल पाझरणार, हे मी प्रत्येक खेपेला सांगितलं.

उन्हाळ्यात मी घरी गेले तेव्हा घड्याळ बंदच होतं. मागचं झाकण उघडलं तर सेल फुगलेला, स्प्रिंगवर पांढरा क्षार. सुरीनं सेल उचकटला तशी स्प्रिंगही तुटून हातात आली. आता नव्या सेलनंही घड्याळ चालणार नव्हतं. आईला बोलायचं मनात होतं, पण मलाच रडू आलं.

आईनं तो सेल पदरानं पुसला आणि ओट्यावर उन्हात नेऊन ठेवला. घड्याळच गेलं, आता कशाला, असं मी म्हटलं.

"राहू दे," ती म्हणाली आणि शेजारी बसली. थोड्या वेळानं सेलवर सावली आली. आईनं तो उचलून उन्हात सरकवला.