इब्रीच्या रस्त्याचे सहा तास

मस्कतच्या कुरुम भागातल्या एका वकिलांच्या ऑफिसात मी बिलं टाइप करायचे. वकिलांचा दर तासाचा, पण मोजणी सहा-सहा मिनिटांची. फोनवर दोन मिनिटं बोललं तरी सहा मिनिटांचे पैसे लागतात. सर दिवसभर पिवळ्या चिठ्ठ्यांवर लिहून ठेवायचे, कोणाशी बोलले, काय वाचलं, कुठे गेले. त्या चिठ्ठ्या मी संगणकावर चढवायचे. झेरॉक्स, भाषांतर, गाडीखर्च वेगळा. पक्षकाराकडून आधीच आगाऊ रक्कम घेतलेली असायची, बिल त्यातून वळतं व्हायचं. रक्कम संपली की फाइल खालच्या खणात जायची आणि नवे पैसे येईपर्यंत कोणी तिला हात लावत नसे.

मी जात्याच भित्री. त्यात त्या वर्षी तेलाचे भाव पडले होते आणि नवऱ्याच्या, गाला या कारखान्यांच्या भागातल्या, वर्कशॉपमध्ये पगार तीन-तीन महिने लटकत होता. घरभाडं, मुलीची शाळा, सगळं माझ्या पगारावर. माझा व्हिसा ऑफिसचा. नोकरी गेली आणि सरांनी एनओसी दिली नाही, तर दोन वर्षं ओमानमध्ये परत यायचं नाही. सरांनी आतून बेल वाजवली की मी हातातलं काम टाकून उभी राहायचे, मग ती चहासाठी का असेना.

सर मस्कतचेच ओमानी, बोलायला मृदू, हिंदी उत्तम. त्यांचे एक पक्षकार इब्रीला भांड्यांचं दुकान चालवायचे. मूळचे रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे, साठीला आलेले. बावीस वर्षं दुकान यांनी वाढवलं, पण परवाना अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या नावावर. अर्बाब वारला आणि त्याच्या मुलाने दुकान खाली करा म्हणून दावा लावला. तारखेला आपल्या बाजूने कोणी उभं राहिलं नाही, तर दुकान गेलं.

मी दापोलीची आहे हे कळल्यापासून ते मला ताई म्हणायचे. फोन केला की आधी माझ्या घरची खुशाली, मग सरांची तब्येत, सरांची मुलं, इब्रीचं ऊन, आणि शेवटी जाता जाता केस. चांगल्या माणसाने असंच बोलायचं असतं, ही त्यांची रीत. सर हसून ऐकायचे आणि चिठ्ठीवर अठरा मिनिटं लिहायचे.

कोर्टाच्या पहिल्या तारखेला सर इब्रीला जाऊन आले. दुपारी मी खिडकीपाशी उभी होते, तेव्हा खाली एक जुना पिकअप थांबला. त्यातून सर उतरले आणि चालवणारे आमचे भांडीवाले. ते डबा घेऊन वर आले. तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी, स्वतः केलेली, माझ्यासाठी. त्यांनी फुशारकीने सांगितलं की पहाटे तीनला इब्रीहून निघून सरांना घ्यायला आलो, कोर्टानंतर घरी बसवून मासे खाऊ घातले आणि आता पोचवायला आलो. पाहुण्याला एवढ्या लांब एकट्याने गाडी चालवायला कशी लावायची, म्हणाले. आता ते परत इब्रीला निघणार होते. एका दिवसात तोच तीन तासांचा रस्ता चार वेळा.

दुसऱ्या दिवशी सरांची चिठ्ठी आली. इब्री, जाणं-येणं, प्रवासाची वेळ सहा तास. स्वतःच्या गाडीचा खर्च, पावणेसहाशे किलोमीटर. वाटेत पक्षकाराशी चर्चा, दोन तास. मी चिठ्ठी तीनदा वाचली. डब्यातली एक भाकरी अजून माझ्या घरी फ्रिजमध्ये होती. बोट कीबोर्डवर ठेवलं आणि सगळं जसंच्या तसं टाइप केलं. विचारायची छातीच झाली नाही.

त्या बिलाने आगाऊ रक्कम संपली. फाइल खालच्या खणात गेली. पुढची तारीख पाच दिवसांवर होती.

बिल हातात देणं माझं काम. ते आले, समोर बसले, कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "ताई, जरा वाचून दाखवा. माझं इंग्रजी दुकानापुरतं."

सरांचं दार अर्धं उघडं होतं. मी हळू आवाजात मराठीत वाचायला लागले. गाडीखर्चाची ओळ आली तेव्हा एकदा दाराकडे पाहिलं. तरी वाचली.

"गाडी तर माझी होती," ते म्हणाले. रागाने नाही, आठवल्यासारखं.

मी म्हटलं, आत जाऊन विचारा. त्यांनी मान हलवली. "माझ्या घरी जेवून गेलेला माणूस. त्याला गाडीचं कसं विचारू?" इब्रीत कोणाकडून उसने मिळतात का बघतो, म्हणाले, पण पाच दिवसांत जमेल असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. कागदाची नीट घडी करून त्यांनी खिशात ठेवली आणि गेले.

मला त्यांचा राग आला, त्या आदरातिथ्याचाही आला. सरांचा तर आलाच, पण तो गिळायची सवय होती. रात्रभर नवऱ्याला काही सांगितलं नाही. तो गप्प बस म्हणाला असता आणि मी आनंदाने गप्प बसले असते.

सकाळी मी नवं बिल काढलं. प्रवासाचे सहा तास आणि गाडीखर्च वजा केला. वाटेतल्या चर्चेला हात लावला नाही, तेवढं धैर्य नव्हतं. खाली लिहिलं, टाइप करताना झालेली चूक. साहेबावर बोट ठेवता येत नव्हतं, स्वतःवर ठेवता येत होतं. शिल्लक पुढच्या तारखेला पुरत होती.

कागद घेऊन आत गेले. सरांनी बसायला सांगितलं नाही, मीही बसले नाही. सरांच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिले. सर वाचत होते. मग त्यांनी मान वर केली.

"किसकी गलती?"

"मेरी, सर."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी पिकअप पाहिला होता हे त्यांना कळलं, आणि त्यांना कळलं हे मला कळलं. त्या क्षणी मी मनात घराचं सामान बांधलं, मुलीच्या शाळेचा दाखला काढला, विमानात बसले.

"दुबारा नहीं होना चाहिए," ते म्हणाले आणि सही केली. दुपारी माझ्या टेबलावर लेखी ताकीद आली, बिलात निष्काळजीपणा केल्याबद्दल. पोच म्हणून तिच्यावर मी सही केली. फाइल खणातून वर आली.

तारखेला सर गेले, या वेळी आपल्या गाडीने. अर्बाबच्या मुलाने नवा करार करायचं कबूल केलं आणि दुकान राहिलं. भांडीवाल्यांचा फोन आला, सरांचे आभार मानायचे होते. सर आतच होते. मला चिठ्ठीवरची अठरा मिनिटं आठवली. मी सांगितलं, सर बाहेर गेलेत, मी निरोप देते.

महिनाअखेर चिठ्ठ्या घेऊन बसले. इब्रीच्या फाइलची शेवटची चिठ्ठी सरांच्या सुबक अक्षरात होती. बिलातील दुरुस्तीबाबत कर्मचाऱ्याशी चर्चा, बारा मिनिटं.

मी आत चार मिनिटं होते. पूर्ण वेळ घड्याळाकडेच बघत होते, त्यामुळे मला पक्कं ठाऊक आहे. ताकिदीचा कागद माझ्या खणात होता. मी बारा टाइप केली.