पन्नास टक्क्यांच्या वहिनी

गाडी लावून उतरल्या की वहिनी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारायच्या. ओढणी कमरेला बांधून, पुढच्या बंपरपासून सुरुवात, एकेक दार, डिकी आणि पुन्हा बंपर. आमच्या चारकोपच्या सेक्टरमध्ये दोन माणसांना शेजारी शेजारी चालता येत नाही, तिथे त्यांच्या पांढऱ्या गाडीवर नखाएवढाही ओरखडा नसायचा. फेरी संपली की त्या समाधानाने मान हलवायच्या. मी गॅलरीत कपडे वाळत घालता घालता मनात म्हणायचे, घाला, अजून एक प्रदक्षिणा घाला.

वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा सगळं आधीच त्यांच्या नावावर झालेलं होतं. बँकेत त्या जायच्या, माशांचा भाव त्या करायच्या, पाहुण्यांना स्टेशनवरून त्या आणायच्या. सासूबाई मालवणच्या, कौतुकाच्या बाबतीत हात आखडता. पण वहिनींना त्या 'माझी थोरली' म्हणायच्या आणि मला नुसतं 'गो'. मी जळायचे. आता लपवायचं कशाला?

त्यांचं सगळ्यात मोठं भूषण म्हणजे गाडीच्या विम्यावरची सवलत. वर्षभर क्लेम केला नाही की पुढच्या हप्त्यात सूट मिळते, ती वाढत वाढत पन्नास टक्क्यांवर जाऊन थांबते. एक क्लेम केलात की सगळं शून्यावर. वहिनी त्या पन्नासावर कैक वर्षं बसून होत्या आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवालासुद्धा तो विषय काढायच्या. बायका वाण घेऊन निघाल्या तरी यांचं चालूच. "सूट गाडीला नसते गं, माणसाला असते. गाडी विकली तरी ती माझीच." त्यांचं 'पन्नास टक्के' हे नाव मीच पाडलं. अर्थात त्यांच्या पाठीमागे.

गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं. तिसऱ्याच दिवशी मी सोसायटीच्या गेटच्या खांबाला डावं दार घासत नेलं. दार आत गेलं, आरसा लोंबकळायला लागला. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "वहिनी, इन्शुरन्स आहे ना?" त्या उतरल्या, नेहमीची फेरी मारली आणि शांतपणे म्हणाल्या, "क्लेम करायचा नाही. गिळायचं." गाडी इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गॅरेजमध्ये गेली आणि त्या वर्षीची त्यांची पैठणी राहिली. घरी त्यांनी सांगितलं, "आई, आज मीच ठोकली." सासूबाई म्हणाल्या, "चुकता माणूस, चाय घे." माझ्या हातून झालं म्हटलं असतं तर मला महिनाभर ऐकावं लागलं असतं. खरं तर मी त्यांचे पाय धरायला हवे होते. पण त्या चहाच्या कपाकडे बघून मी आणखीनच जळले.

मग मोठ्या भावजींना कॅनडात तीन वर्षांची नोकरी मिळाली. वहिनींनी गाडी विकली आणि विमा कंपनीकडून ती सूट राखून ठेवल्याचं एक पत्र आणलं. त्या पत्राची मुदतही तीनच वर्षांची. तेवढ्या मुदतीत परत येऊन नवी गाडी घेतली तर पन्नास टक्के जसेच्या तसे, नाहीतर शून्य. "हे नीट सांभाळ," म्हणून त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. सासूबाईंनी ते माझ्याकडून काढून घेतलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. "तीन वर्सांत येतली माझी थोरली. ह्या कागदावर लिवलेला आसा."

दसऱ्याला आमच्याकडे गाडीची पूजा व्हायची. आता गाडी नाही, म्हणून सासूबाईंनी त्या पत्राचीच पूजा केली. हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडूचा हार. खाली माझी स्कूटर उभी होती, जिच्यावरून मी त्यांना दर पंधरवड्याला डॉक्टरकडे नेते. तिला एक फूल मिळालं, तेही हारातून गळलेलं. कागदावर जळायची वेळ आली म्हणजे माझी कमालच म्हणायची.

दुसऱ्या वर्षी वहिनींचा फोन आला. तिथे गाडी घेतली होती, विमा कंपनीला जुना पुरावा दाखवायचा होता. "त्या पत्राचा फोटो पाठव ना, अर्जंट आहे." मी आठ दिवस लावले. मोबाइल बिघडलाय म्हणाले, बिघडला नव्हता. शेवटी पाठवला तर सही-शिक्क्यावर कुंकू पसरलेलं. तिथल्या माणसाने विचारलं म्हणे, हे लाल काय आहे? वहिनी सांगता सांगता हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. "तसंही ते इंडियातली वर्षं धरत नाहीत गं. मला नवशिकी म्हणाले. मला. सूट माणसाला असते म्हणायचे ना मी? जागेला असते."

त्या रात्री मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण वहिनी तिकडे बर्फात, परक्या गाडीभोवती फेरी मारतायत आणि मान हलवायला धजत नाहीयेत, असं काहीतरी डोळ्यांसमोर येत राहिलं.

मुदत संपायच्या आधी त्यांनी पुन्हा फोन केला. भावजींना तिथे कायम राहायची परवानगी मिळाली होती. "ते पत्र आता टाकून दे," त्या म्हणाल्या. "आईंना तू काही बोलू नकोस, मी सांगेन." त्यांनी सांगितलं नाही. दर रविवारी व्हिडिओवर येतात, सासूबाई 'कधी येतस?' विचारतात आणि वहिनी म्हणतात, बघू आई.

यंदाच्या दसऱ्याला पत्राची मुदत उलटून तीन आठवडे झाले होते. सासूबाईंची नजर आता अधू झाली आहे, कागदावरची तारीख त्यांना वाचता येत नाही. त्यांनी ताट माझ्या हातात दिलं. "तू लाव गो. माझो हात थरथरता. थोरली येवची वेळ झाली ना?"

तीन वर्षं मी देवाकडे मनातल्या मनात हेच मागत होते, की ही बाई परत येऊ नये. देवाने ऐकलं होतं. ताट तर थेट माझ्याच हातात आलं होतं. मी त्या रद्दी कागदाला हळद लावली, कुंकू लावलं, सही-शिक्क्यावर तेवढं या वेळी जपून आणखी कुंकू लागू दिलं नाही.

"येतील आई," मी म्हटलं, आणि त्यांनी खरंच यावं असं मला पहिल्यांदाच वाटलं.