साहेब, पहिली मी!

हसा, खुशाल हसा, फक्त कप नीट धरून हसा. माझ्या सख्ख्या नवऱ्याला मी भर कोर्टात दोन वर्षं आत पाठवायला निघाले होते!

आमचे हे द्राक्षबागांची औषधं विकतात. सगळा दिवस दिंडोरीकडे. एका बुधवारी संध्याकाळी रिक्षाने घरी आले. म्हणाले, "गाडी गॅरेजला टाकलीय." ठीक. पण दुसऱ्या दिवसापासून माणूसच बदलला. फोन आला की थेट गॅलरीत. आणि आवाज इतका मऊ, की माझ्याशी लग्न ठरल्यावरही तसे बोलले नव्हते!

शेवटी मी यांचा फोन पाहिला. हो, पाहिला! तुम्ही नसता पाहिला? कुणी 'देवरे मॅडम'. मेसेज काय? "उद्या अकराला या. पांढरा शर्ट घाला. पहिलीच वेळ आहे, घाबरू नका. मी आहे ना."

मी आहे ना! मग मी कोण? घरातलं फर्निचर?

सकाळी यांनी दोनदा दाढी केली. शर्टाला स्वतः इस्त्री केली. वीस वर्षांत या माणसाला इस्त्री कुठे ठेवतात ते माहीत नव्हतं हो! हे रिक्षात बसले, तशी मी तोंडाला स्कार्फ गुंडाळून स्कूटरवर मागे.

रिक्षा थांबली सीबीएस बसस्टँडजवळ, कोर्टाच्या दारात. तिथे ती उभी! उंच, सडपातळ, हातावर वकिलाचा काळा कोट. तिने यांची कॉलर सरळ केली. मी स्कूटर तशीच भिंतीला लावली! वकीलच गाठली होती, म्हणजे कोर्ट मॅरेजची सोय घरच्या घरी!

दोघांच्या मागोमाग मी आत घुसले. समोर न्यायाधीश. हे मान खाली घालून उभे, अगदी बोहल्यावरच्या नवऱ्यासारखे. ती म्हणाली, "साहेब, यांची ही पहिलीच वेळ आहे."

माझं डोकंच फिरलं. "खोटं! साहेब, पहिली मी! ही दुसरी!"

साहेबांनी चष्मा खाली केला. "दुसरी? वकील मॅडम, तुम्ही तर पहिली म्हणता."

"साहेब, पहिलीच—"

"दुसरीच! अख्खी सोसायटी साक्ष देईल!"

साहेब यांच्याकडे वळले. "दुसऱ्या वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, कल्पना आहे?"

"दोनच?" मी म्हणाले. "थोडी वाढवता नाही का येणार?"

हे घामाने चिंब. "अगं बाई, गप्प बस! मी दारू पिऊन गाडी चालवताना सापडलोय!"

"मग लग्न कुणाचंय?"

अख्खं कोर्ट हसलं. भिंतीला टेकलेला शिपाईसुद्धा. साहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी रेकॉर्ड तपासायला लावलं. पहिलीच वेळ निघाली. दहा हजार दंड आणि लायसन्स सहा महिने बंद. "पुन्हा दिसलात तर तुमच्या मिसेसची इच्छा पूर्ण होईल," म्हणाले. मग मला, "आणि बाई, पुन्हा मध्ये बोललात तर तुमच्यावरही कारवाई करीन."

बाहेर आल्यावर मला आधी बरं वाटलं, सवत नाही म्हणून. आणि मग असा संताप आला! "अहो, त्या दिंडोरीच्या रस्त्यावर बागेतून घरी परतणाऱ्या मजूर बायका चालत असतात. एखादीला उडवलं असतं म्हणजे?"

"एका शेतकऱ्याने आग्रह केला गं. चुकलं माझं," हे म्हणाले. डोळे खरंच भरले होते. मी विरघळले.

"बसा माझ्यामागे. घरी चला."

गेटवरचा ट्रॅफिक हवालदार आतला सगळा तमाशा ऐकून होता. "ताई, जरा तुमचं लायसन्स बघू."

माझं? ते संपून वर्ष झालं होतं!

"मग मी पावती फाडतो, आणि तुम्ही गाडी ढकलत न्या."

तेवढ्यात देवरे मॅडमची कार शेजारी थांबली. "सरांचं लायसन्स आजच आरटीओत जमा करायचंय. मी नेते त्यांना. पण एकच जागा आहे हो, मागे सगळ्या फायली भरल्यात."

यांनी माझ्याकडे पाहिलं. काय करणार? मीच दार उघडलं. मीच यांना तिच्या शेजारी बसवलं. वर मीच सांगितलं, "अहो, बेल्ट लावा नीट."

आणि निघाले स्कूटर ढकलत, भर उन्हात, पार पंचवटीतल्या घरापर्यंत. ते दोघं गेले एसीत, माझ्याच आशीर्वादाने!