सर्वांत लहान पाऊल

मी सोलापूरकडची. आमच्याकडे नळाला आठवड्यातून दोनदा पाणी यायचं, आणि त्या दिवशी घरातलं एकूण एक भांडं भरलं जायचं. आईचा दंडक असा, की नवं पाणी आलं की जुनं शिळं झालं. ते ओतायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. लग्नानंतर नवऱ्याच्या बदल्यांबरोबर ही सवय गावोगाव फिरली आणि शेवटी चंदीगडला पोचली. तिथं पाणी रोज यायचं. म्हणजे मी रोज ओतायची आणि रोज भरायची. तेव्हा मला यात काडीचंही वावगं वाटत नव्हतं.

आमचं सरकारी क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर. एप्रिल लागला आणि वरपर्यंत पाण्याची धार चढेना. दोन दिवस बादल्या रिकाम्या राहिल्या आणि मी घर डोक्यावर घेतलं. नवऱ्यानं प्लंबर आणून नळाच्या लाइनीवर एक छोटी मोटर बसवून घेतली. अशी मोटर लावायला बंदी होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. ‘सब लगाते हैं जी,’ प्लंबर म्हणाला, आणि मी त्याला चहा करून दिला. रोज पहाटे पाच वाजता बाथरूममध्ये ती घरघरायची.

त्याच वर्षी मी एका शाळेत सहावीला पर्यावरण शिकवत होते. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. नोकरी तात्पुरती होती. प्रिन्सिपॉलबाईंनी बोलावून सांगितलं, पालकांसाठी प्रदर्शन भरवायचं आहे, काहीतरी नवीन करा, चांगलं झालं तर तुमची कायम होण्याची फाइल पुढं पाठवते. मी जिवाचं रान केलं. सेक्टर सतराच्या बाजारात जाऊन गठ्ठाभर चार्टपेपर आणले. प्रत्येक मुलानं आठवडाभर आपल्या घराची नोंद ठेवायची: पाणी किती, दिवे किती, गाडी किती फिरली, कचरा किती निघाला. मग तेवढ्या मापाचं कागदी पाऊल कापायचं आणि नोंदीचं पान त्यावर चिकटवून भिंतीवर लावायचं. ज्या घराचा पृथ्वीवर भार जास्त, त्याचं पाऊल मोठं.

तेव्हा घराघरांत नव्या गाड्या आल्या होत्या, आणि रोज सकाळी पाइप लावून त्या धुतल्या जायच्या. वर्गातली मुलं ते कौतुकानं सांगायला लागली आणि माझं डोकंच फिरलं. ‘ये पानी किसी और के नल का है, समझे?’ मी टेबलावर हात आपटून ओरडले. ‘और जो लिखना है, सच लिखना!’ पहिल्या बाकावर माझी मुलगी होती. तिच्या शेजारी तिची मैत्रीण, आमच्या शेजारच्याच घरातली पंजाबी मुलगी.

रविवारी दुपारी मी वह्या तपासायला बसले. मैत्रिणीची वही आधी हातात आली. ‘सुबह हमारे नल में पानी नहीं आता. मम्मी पार्क के नल से चार बाल्टी लाती हैं.’ मला त्या बाईची दया आली. अगदी खरी दया आली, हे मुद्दाम सांगते. मग माझ्या मुलीची वही उघडली. ‘सुबह एक घंटा मोटर चलती है. मम्मी कल का सारा पानी फेंक देती हैं. छह बाल्टी, दो पीपे, तीन घड़े.’

आमची आणि त्यांची भिंत एक, पाइपही एकच; आमची मोटर त्यांच्या वाटचं पाणी ओढून घेत होती. मोटर लागल्यापासून ती बाई दोन जिने उतरून पार्कातून बादल्या वाहत होती, जिन्यात भेटली की हसत होती, आणि माझ्या डोक्यात कधी प्रकाश पडला नव्हता. पण त्या क्षणी मला तिची आठवण राहिली नाही. आठवली ती फाइल. हे पान भिंतीवर लागलं तर मोटर सगळ्यांना कळणार, नवऱ्याच्या ऑफिसला पत्र जाणार, नोकरी तर गेलीच.

‘हे काय लिहिलंयस?’ मी मुलीला हाक मारून विचारलं.

‘आई, तुमने ही बोला था, सच लिखना.’ मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीतच.

‘खोड ते.’

‘पूरा?’

‘पूर्ण. एकदा सांगितलं की ऐकायचं!’

तिनं खोडलं. रबर घासून घासून कागद विरला. ‘अब कितनी बाल्टी लिखूँ?’ चार हा आकडा मी नुकताच वाचला होता. मी म्हणाले, ‘तीन.’

प्रदर्शनाच्या दिवशी भिंतभर पावलं लागली. प्रमुख पाहुण्यांना ही कल्पना इतकी आवडली, की त्यांनी सर्वांत लहान पावलांना जागच्या जागी बक्षिसं जाहीर केली. पहिली माझी मुलगी. दुसरी तिची मैत्रीण. अरे देवा! हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

‘बेटा, तीन बाल्टी में घर कैसे चलता है?’ पाहुण्यांनी माइक तिच्यासमोर धरला. सगळ्या हॉलवरून नजर फिरवत तिनं मला शोधलं. खरं बोलेल या भीतीनं मी घामाघूम झाले होते, आणि नकळत मी मान हलवली. नाही म्हणून.

‘मम्मी ने सिखाया,’ ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतली शेजारीण मागं वळली आणि अगदी मनापासून म्हणाली, ‘बहनजी, हमें भी सिखा दो.’ प्रिन्सिपॉलबाईंनी फाइल त्याच आठवड्यात पाठवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी मोटर लावली. लाज वाटत होती, तरी लावली. काल भरलेली घागर ओतणार तेवढ्यात मुलगी झोपेतून उठून आली. वाटलं, आता विचारेल. मी मनात उत्तरही जुळवत होते.

तिनं बाथरूमचं दार ओढून घेतलं, खालच्या फटीत पायपुसणं सारलं, आणि हळूच म्हणाली, ‘आई, दरवाज़ा बंद रखा करो. उनके घर तक आवाज़ जाती है.’