नंबर गेला, डोळा तोच

माझी आत्या वेल्डर आहे. हे लोकांना दोनदा सांगावं लागतं, म्हणून मी आधीच सांगून मोकळी होते. गेट, खिडक्यांच्या जाळ्या आणि जिन्यांचे कठडे बनवणाऱ्या शेडमध्ये ती माझ्या जन्माआधीपासून काम करते आणि तिथे तिला सगळे ‘ढापणी’ म्हणतात.

उणे तेराचा नंबर. चष्म्याच्या काचा इतक्या जाड, की त्यांतून तिचे डोळे वाटाण्याएवढे दिसायचे. वेल्डिंगच्या मुखवट्याआड त्या काचांवर वाफ धरायची. घामाने चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर यायचा, आणि तिचे दोन्ही हात तेव्हा अडकलेले असायचे. तरी ढापणी म्हणणाऱ्यांपैकी एकाचाही जोड तिच्याइतका सरळ येत नव्हता, असं तीच सांगते.

तर एक दिवस तिने जाहीर केलं, की डोळ्यात भिंग बसवून घेणार. घरात सभा भरली. माझे वडील तिचे थोरले भाऊ, त्यामुळे सभेचे अध्यक्ष तेच.

“देवाने दिलेल्या डोळ्यात कुणी भिंग घालतं का?” ते म्हणाले.

“देवाने दिलेल्या डोळ्याला वीतभरापलीकडचं दिसत नाही, दादा. आता देवाकडे तक्रार करू, की डॉक्टरकडे जाऊ?”

ती गेली. आपलं मूळ भिंग जागेवरच ठेवून त्याच्यापुढे एक मऊ, पातळ भिंग सरकवतात, तसं तिच्या दोन्ही डोळ्यांत सरकवलं. घरी येताना तिने रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचली. शेवटी आतोबा, म्हणजे तिचे यजमान, ओळख नसल्यासारखे समोरच्या फूटपाथवरून चालू लागले.

डॉक्टरीणबाईंनी मात्र तिला समोर बसवून बजावलं होतं. “नंबर गेला, डोळा तोच आहे. तुमचा डोळा लांबट आहे, त्यामुळे मागचा पडदा ताणून पातळ झालाय. भिंग बसवलं म्हणून तो जाड होत नाही. दरवर्षी पडदा तपासायचा. कडेला वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके एकदम वाढले, तर त्याच दिवशी यायचं.”

पहिल्या वर्षी आत्या गेली. थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, दिवसभर उजेड सहन होईना, काम बुडालं. पुढच्या वर्षी ती गेलीच नाही. “मला लख्ख दिसतंय. मग पोट भरलेलं असताना पंगतीला कशाला बसू?” गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! आमच्या घरात हट्टाला तोटा नाही. आत्याने तर सगळ्यांच्या वाट्याचा उचललेला आहे.

मग तिच्या उजव्या डोळ्याच्या कडेला खरंच वीज चमकू लागली. दुसऱ्या कुणी घाबरून दवाखाना गाठला असता. पण वेल्डरला चमकेचं काय कौतुक? शेडमध्ये दिवसभर तेच चालतं. शेजारच्याने न सांगता रॉड टेकवला, की उघड्या डोळ्यांवर लखकन उजेड येतो आणि संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं खुपतं. त्याला ते ‘वेल्डिंग लागलं’ म्हणतात आणि बटाट्याच्या गार चकत्या ठेवून झोपतात. आत्याने चकत्या ठेवल्या. काळे ठिपके दिसले, ते तिने काजळीच्या नावावर टाकले.

त्याच आठवड्यात शेडचा ट्रान्सफॉर्मर जळला आणि काम बंद पडलं. आत्या घरी, वेल्डिंग नाही, ठिणगी नाही. तरी वीज चमकतच होती.

“आत्या, आता कुठलं वेल्डिंग लागतंय तुला?” मी विचारलं.

“जुनं असेल. दुखत नाही ना, मग झालं.”

दोन दिवसांनी ती भांडी पुसत होती. डोळ्यापुढे वरून काळं उतरलं, म्हणून तिने मुखवटा वर सारायला कपाळाकडे हात नेला. कपाळावर मुखवटा नव्हता. तिने पुन्हा हात फिरवून बघितलं. आत्या घाबरलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

पडदा फाटून सुटला होता. ऑपरेशन करून तो बसवला, डोळ्यात वायू भरला आणि त्या वायूने पडदा जागेवर दाबून धरावा म्हणून तिला पालथं झोपायला सांगितलं. पुढे बरीच नजर परत आली. सरळ सळई त्या डोळ्याला अजून जराशी वाकलेली दिसते, आणि आत्या त्याचा राग सळईवर काढते. पण तेव्हा काय उरेल हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नव्हतं.

ती पालथी पडलेली असताना घरातले सगळे जमले आणि तिच्या पाठीकडे बघत बोलू लागले. “तरी आम्ही सांगत होतो. डोळ्यात परकी वस्तू घातली की असंच होणार.” दवाखान्यावर खापर फोडून झालं, तेव्हा वडील माझ्याकडे वळले. माझा नंबर उणे दहा. मीही भिंगाची चौकशी करून आले होते.

“बघितलंस ना? आता तुझं ते खूळ काढ डोक्यातून.”

आत्याने नुसतं गप्प राहायचं होतं. सगळी सहानुभूती तिच्या बाजूने होती. आणि ही बाई म्हणजे गेट वाकडं बसलं तर भिंत वाकडी आहे म्हणणारी. तिने स्वतःची चूक कबूल केल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

“भिंगाने काही केलेलं नाही,” उशीतून आवाज आला. “चमक दिसली की त्याच दिवशी ये, असं सांगितलं होतं मला. मी बटाटा ठेवला. चूक माझी आहे. ती दुसऱ्या कुणाला देऊ नका.”

मग उशीतूनच तिने वडिलांना विचारलं.

“आणि हिचा पडदा कधी तपासलाय, दादा?”

“तिला कुठे काय होतंय?”

“मलाही काही होत नव्हतं. भिंग बसवू दे, नाहीतर जन्मभर ढापणी राहू दे. उद्या हिला घेऊन जा.”

पडलेल्या बहिणीशी भांडायचं कसं, हे वडिलांना कळेना. ते मला घेऊन गेले. थेंब घातले. डॉक्टरीणबाई डाव्या डोळ्यात बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, कडेला पडदा विरलाय, बारीकसं भोक आहे, आजच लेसरने भोवती शिवून टाकू. माझ्या डोळ्यात कुणी कधी काही घातलेलं नव्हतं. चष्मा लावण्याखेरीज मी काहीच केलेलं नव्हतं.

मी बाहेर येऊन आत्याला फोन लावला. “आत्या, माझ्याही पडद्याला भोक आहे,” मी रडत सांगितलं.

“रडतेस काय? भोक दिसलं ना? दिसलं की बुजवता येतं,” ती उशीतूनच म्हणाली. “आता दादाला फोन दे. तुझ्या डोळ्यात कुठलं भिंग होतं, ते विचारते त्याला.”